चतुर पंख मिटत नाही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

पंचवीस-सव्वीस वर्षं झाली असतील. रेडिओवरच्या एका कविसंमेलनात मी एक कविता वाचली होती. खारीच्या मिठागराच्या बांधावरची भर दुपार, गवताच्या पात्यावर एक चतुर येऊन बसतो आणि पुस्तक मिटावं तसे पंख मिटून घेतो, अशी काहीशी ती कविता. दाद बरी मिळाली. आठ-दहा दिवसांनी केंद्राकडून एक पोस्टकार्ड माझ्या पत्त्यावर आलं. वसईकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं होतं. अक्षर फळ्यावर काढल्यासारखं. बाईंनी लिहिलं होतं, कविता आवडली, पण चतुर पंख मिटून बसत नाही. तो पसरूनच बसतो. मिटून बसते ती टाचणी. आपण टाचणी पाहिली असावी. एकदा पुन्हा पाहून घ्यावं.

खरं सांगतो, मला राग आला. कविता आवडली म्हणता आणि वर कीटकशास्त्र शिकवता! मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बेडकाच्या आकृतीपुरता. पण राग ओसरल्यावर एक गोष्ट आतून टोचायला लागली. ज्या बांधावर मी लहानाचा मोठा झालो, जिथं शेकड्यांनी चतुर पकडले, तिथला हा साधा फरक मला ठाऊक नव्हता. आणि मी त्यावर कविता लिहून मोकळा झालो होतो.

खारी हे भाईंदर पूर्वेचं जुनं गाव. नवघर, गोडदेव, खारी ही नावं आता रिक्षावाल्यांच्या तोंडी थांब्यांसारखी येतात, पण ती गावं होती आणि अजून आहेत. १९८५ साली इथं नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली, तोवर गावाभोवती इमारतींचं रान उभं राहिलं होतं. आमच्या लहानपणी मात्र वस्ती संपली की खाडीच्या दिशेनं बांध सुरू व्हायचे, मग मिठागरं, मग तिवरं. अब्बा रायगड जिल्ह्यातलं गाव सोडून इथं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले आणि खारीतल्या आगरी आळीत आम्ही भाड्याच्या खोलीत राहिलो. नावातच खार असलेल्या या गावात गोड्या पाण्याची पोरं येतात ती पावसात. उन्हाळाभर चटका देणारी मिठागरं आषाढात तुडुंब भरायची, मिठाचं काम बंद व्हायचं, पावसावर पाऊस पडून पाण्याचा खारटपणा कमी कमी होत जायचा. मग बांधाच्या आतल्या बाजूला गवत उगवायचं आणि श्रावण लागला की त्यावर चतुरच चतुर.

आम्ही त्यांना हेलिकॉप्टरही म्हणायचो. मागून दबकत जायचं, शेपटी चिमटीत धरायची, शेपटीला शिवणकामाचा दोरा बांधायचा आणि पतंगासारखा उडवायचा. आज सांगताना लाज वाटते. शेजारची आगरी आजी ओरडायची, ‘सोड रं त्याला, पाऊस घेऊन येतो तो.’ आम्ही सोडायचो, दुसरा धरायचो. एक बारीक, काडीसारखा प्रकारही तिथं असायचा. त्याला दोरा बांधायला जावं तर तो चिमटीतच मोडायचा. म्हणून आम्ही त्याच्या वाटेला जायचो नाही. चतुराचं लहान पिल्लू असेल, मोठं झाल्यावर धरू, असं आमचं शास्त्र.

ते पिल्लू नव्हतं. ती टाचणी होती. आणि चतुर काय, टाचणी काय, एकदा पंख फुटले की मग वाढ नाही. लहान दिसतो तो कायमचा लहानच.

बाईंच्या पोस्टकार्डानंतरच्या श्रावणात मी वही घेऊन त्याच बांधावर गेलो. तुम्हीही कधी गेलात तर काय पाहायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे बसण्याची ढब. चतुर बसतो तेव्हा त्याचे चारही पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात, थांबलेल्या विमानासारखे. टाचणी पंख पाठीवर एकत्र आणून अंगाला समांतर ठेवते. दुसरं म्हणजे डोळे. चतुराचे डोळे इतके मोठे की डोक्याच्या माथ्यावर ते एकमेकांना भिडतात, जणू डोकं म्हणजे नुसते डोळेच. टाचणीचे डोळे दोन टोकांना दोन मणी लावावेत तसे लांब लांब. तिसरं म्हणजे पंखांचा आकार. चतुराचा मागचा पंख अंगाजवळ रुंद असतो, पुढच्यापेक्षा वेगळा. टाचणीचे पुढचे-मागचे पंख सारखे, आणि अंगाजवळ चिंचोळे होत देठासारखे झालेले. शास्त्रज्ञांनी दोन गटांची नावं यावरूनच पाडली आहेत. चतुरांचा गट अनायसॉप्टेरा, म्हणजे असमान पंखांचा. टाचण्यांचा झायगॉप्टेरा, म्हणजे जुळत्या पंखांचा. दोघांचं मिळून कुळ ओडोनाटा. त्यात दाताचा उल्लेख आहे, आणि तो का ते पुढं कळेल.

इंग्रजांनी यांना नावं देताना एकाला ड्रॅगन म्हटलं आणि दुसरीला तरुण कुमारिका. म्हणजे राक्षस आणि राजकन्या! आपल्याकडची नावं मला जास्त आवडतात. एकाची अक्कल पाहून नाव ठेवलं, दुसरीची अंगकाठी पाहून. टाचणी हा शब्द ज्यानं या किड्याला लावला, त्यानं ती नक्की जवळून पाहिली असणार. माझ्यासारखी नव्हे.

आता नियम म्हटला की अपवाद आलाच. टाचण्यांचं एक घराणं पंख अर्धवट उघडे ठेवून बसतं. चतुरांच्या एका घराण्याचे डोळे भिडत नाहीत, टाचणीसारखे दूर राहतात. हिमालयात दार्जिलिंगच्या बाजूला तर एक प्राचीन जात आहे, तिचं अंग चतुराचं आणि पंख टाचणीसारखे. तिचं पाण्यातलं पिल्लू आधी सापडलं आणि त्याचं वर्णन १९२१ साली झालं. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. दोन-तीन खुणा जुळल्या की मग नाव घ्यावं.

आणखी एक अपवाद मला पुढं वाचताना सापडला, तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली. चतुर पाण्यातून वर येऊन कात टाकतो, तेव्हा त्याचे नवे, ओलसर, दुधी पंख पाठीवर मिटलेलेच असतात. ते वाळेपर्यंत तो तसाच बसून राहतो. पहिल्या उड्डाणाच्या थोडं आधी पंख उघडतात, आणि एकदा उघडले की पुन्हा तसे मिटत नाहीत. म्हणजे आयुष्यातला तेवढा वेळ माझी कविता बरोबर होती! बाईंना तसं कळवावं असंही मनात आलं. पण हा प्रकार बहुधा रात्री किंवा पहाटे उरकतो आणि माझ्या कवितेत भर दुपार होती. गप्प बसलो.

कात टाकण्यावरून आठवलं. आमच्या मूळ गावी मशिदीला दगडी हौद आहे, वजूसाठी. लहानपणी सुट्टीत गेलो की मी पायरीवर बसून त्यात मासे पाहत असे. तळाशी मातकट रंगाचे, सहा पायांचे, विंचवासारखे भासणारे किडे सरपटायचे. दादी म्हणायची, पाण्याचे विंचू आहेत, हात घालू नकोस. कधी सकाळी हौदाच्या कडेला त्यांची रिकामी, पाठीवर उसवलेली कात दगडाला चिकटलेली असे. पाण्याचा विंचू कुठं गेला याचा विचार मी केला नाही. तो डोक्यावरून उडत होता.

चतुर काय, टाचणी काय, दोघांचं बालपण पाण्यात जातं. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पाण्यातच वाढतं, पुन:पुन्हा कात टाकतं, आणि शेवटची कात पाण्याबाहेर येऊन टाकतं. फुलपाखरासारखी मधली कोशाची अवस्था नाही. काही जातींचं हे बालपण दोन महिन्यांत संपतं, थंड प्रदेशातल्या काहींचं काही वर्षं चालतं. पंख फुटल्यावरचं आयुष्य मात्र बहुतेकांचं थोड्या आठवड्यांचं. म्हणजे आपण ज्याला चतुर म्हणून ओळखतो, ते त्याचं म्हातारपणच म्हणायचं.

पाण्यात असतानाही दोघांत फरक आहेच. टाचणीच्या पिल्लाच्या मागच्या टोकाला तीन पानांसारखे कल्ले असतात. त्यातून ते श्वास घेतं आणि पोहताना माशाच्या शेपटीसारखे ते हलवतं. शत्रूनं एखादं पान तोडलं तर ते पुन्हा उगवतं. चतुराच्या पिल्लाचे कल्ले बाहेर दिसत नाहीत, ते आतड्याच्या शेवटच्या भागात असतात. ते पाणी मागच्या बाजूनं आत घेतं, त्यातला प्राणवायू शोषतं आणि पाणी बाहेर सोडतं. संकट आलं की तेच पाणी जोरात फेकतं आणि त्या धक्क्यानं पुढं उसळतं. जेट विमानाची युक्ती, म्हणा ना. शिकार मात्र दोघांची एकाच पद्धतीची. खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो, त्याच्या टोकाला चिमट्यासारखे आकडे. डासाची अळी टप्प्यात आली की पापणी लवायच्या आत ओठ लांब जाऊन तिला उचलून आणतो. ओडोनाटा या नावात दात आहे तो मात्र मोठेपणीच्या जबड्यामुळे. माणसाला मात्र ते चावून काही करू शकत नाहीत, नांगी तर त्यांना नसतेच. घाबरायचं कारण नाही.

डासांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. म्यानमारमध्ये यांगून शहरात, म्हणजे जुन्या रंगूनमध्ये, एक प्रयोग झाला होता. घरोघरी पिण्याचं पाणी साठवायच्या भांड्यांत लाल चतुराची पिल्लं सोडण्यात आली. डेंग्यूचे डास असल्याच साठवलेल्या पाण्यात होतात. लोकांनीही त्यात भाग घेतला आणि डासांच्या अळ्या झपाट्यानं कमी झाल्या. १९९० साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तोच लाल चतुर आपल्याकडेही सर्रास दिसतो. आमच्या हौदातले ‘विंचू’ नमाजींचे पाय धुवायच्या पाण्यात हेच काम बिनपगारी करत होते. अर्थात गटारातले डास चतुर संपवेल असं कुणी समजू नये. काळ्या, कुजलेल्या पाण्यात फार थोड्यांचा निभाव लागतो.

आता हवेत येऊ. चतुराचे चार पंख चार स्वतंत्र वल्ह्यांसारखे चालतात. प्रत्येकाचे स्नायू वेगळे, थेट पंखाच्या मुळाशी जोडलेले. म्हणून तो जागच्या जागी थांबतो, मागं येतो, काटकोनात वळतो. एका एका डोळ्यात २८ ते ३० हजार भिंगं असू शकतात. माशी किंवा डास कुठं चालला आहे हे पाहून तो तिथं आधीच पोहोचतो, पायांची टोपली करून भक्ष्य अलगद झेलतो आणि उडता उडता खातो. प्रयोगशाळेत मोजून पाहिलं तर शंभरातल्या नव्वदहून जास्त झडपा यशस्वी होतात. वाघसिंहांना हा आकडा स्वप्नातही दिसणार नाही. टाचणीचं काम सावकाश. ती गवताच्या पात्यांमधून, पाण्यापासून वीतभर उंचीवरून लपतछपत जाते आणि पानावर बसलेला मावा, चिलटं टिपून घेते. चतुराला आभाळ लागतं, टाचणीला झुडूप.

या आभाळाची हद्द किती, हे कळल्यावर तर मी थक्क झालो. पावसाळ्याच्या शेवटी मैदानावर, गच्चीवर पिवळट-सोनेरी चतुरांचे थवेच्या थवे घिरट्या घालतात, ते तुम्ही पाहिले असतील. शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. चार्ल्स अँडरसन नावाचे समुद्रजीवांचे अभ्यासक मालदीवमध्ये राहत होते. तिथं दर ऑक्टोबरात हे चतुर प्रचंड संख्येनं उतरतात, आणि मालदीवच्या बेटांवर तर गोड्या पाण्याचं तळंही धड नाही. मग हे जन्मतात कुठं? वर्षानुवर्षं तारखा टिपून अँडरसन यांनी २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, मालदीववरून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला पोहोचतात आणि पावसाच्या वाऱ्यांबरोबर परत येतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर, आणि हा प्रवास एका जिवाचा नव्हे, तर चार पिढ्यांचा. २०१२ साली मालदीवमधल्या चतुरांच्या पंखांतल्या हायड्रोजनची तपासणी झाली, तेव्हा त्यांचं मूळ उत्तर भारतात किंवा त्याही पलीकडे असल्याचं दिसलं. या चतुराचं पिल्लू पावसाच्या साचलेल्या पाण्यात साधारण ४० ते ६० दिवसांत मोठं होतं. डबकं आटायच्या आत त्याला निघावं लागतं. शेजारची आजी ‘पाऊस घेऊन येतो’ म्हणायची. पाऊस तो आणत नसेल, पण पावसाचा माग काढत येतो, हे तर खरंच.

टाचणीच्या वाट्याला अशी कीर्ती नाही. सगळ्याच टाचण्या घरबशा असतात असंही नाही. खारीत दिसणारी एक हिरवी-निळी टाचणी आफ्रिकेपासून जपानपर्यंत पसरलेली आहे आणि थोडं मचूळ पाणीही तिला चालतं. पण एकूणात टाचणी आपल्या काठाला धरून राहते. याचं कारण तिच्या अंडी घालण्यात आहे, आणि मला जे सांगायचं आहे ते इथंच आहे.

खारीत दिसणारे बहुतेक चतुर अंडी पाण्यावर टाकतात. मादी उडता उडता शेपटीचं टोक पाण्याला लावते, प्रत्येक टिचकीला थोडी अंडी. पाणी ओळखायची तिची खूण म्हणजे पृष्ठभागावरून परतणारा विशिष्ट प्रकाश. त्यामुळे फसगतही होते. गाडीच्या चकचकीत टपावर चतुराची मादी टिचक्या मारताना मी स्वतः पाहिली आहे. हंगेरीत तर एका कब्रस्तानातल्या काळ्या, घोटीव दगडांना पाणी समजून चतुर त्यांच्याभोवती घुटमळतात, असं २००७ साली नोंदलं गेलं. आमच्या कब्रस्तानात मातीचेच ढिगारे, पावसात त्यांवर गवत वाढतं. तिथं फसायची सोय नाही.

टाचणीचं तसं नाही. तिच्या शेपटीशी धारदार अवजार असतं. त्यानं ती पाण्यातल्या झाडाच्या देठाला चीर पाडते आणि एकेक अंडं आत ठेवते. नर बहुतेक वेळा तिच्या मानेमागं धरून उभा असतो, सरळ, काठीसारखा. हे प्रेम म्हणावं तर त्यात पहाराही आहे. दुसऱ्या नरानं गाठलं तर तो आधीच्याचं बीज खरवडून काढून आपलं ठेवतो, हे एका अमेरिकी संशोधकानं १९७९ साली टाचणीच्याच एका जातीत दाखवून दिलं. मीलनाच्या वेळी या जोडीचा आकार बदामाच्या चिन्हासारखा दिसतो, म्हणून छायाचित्रकार खूष असतात. आतला हिशेब असा आहे! काही जातींच्या माद्या देठ धरून चक्क पाण्याखाली उतरतात, अंगाभोवती हवेचं पातळ आवरण घेऊन, आणि तिथं अंडी घालून वर येतात.

म्हणजे टाचणीला नुसतं पाणी पुरत नाही. पाण्यात उभं गवत हवं, लव्हाळा हवा, पाणवनस्पतीचा देठ हवा. अंडी त्यात, पिल्लं त्याच्या आडोशाला, वर चढायचं ते त्यालाच धरून, आणि पंख फुटल्यावर शिकारही त्याच पात्यांमधून.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका तळ्याचं सुशोभीकरण झालं. कुणी केलं ते जाऊ द्या, हेतू वाईट नव्हता. गाळ काढला, काठ सिमेंटनं बांधून काढले, कठडा, दिवे, बाकं आली. संध्याकाळी माणसं फिरायला येऊ लागली, मीही जातो. पावसाळ्यात तिथं पाण्यावर चतुर उडतात. नारिंगी रंगाचा एक छोटा चतुर तर नाल्यावरसुद्धा तग धरतो. फॅब्रिशियस या शास्त्रज्ञानं १७९३ साली त्याच्या नावात ‘कंटॅमिनाटा’ हा शब्द घातला, आज तो वाचला की वाटतं, त्याला मुंबईचे नाले दिसले होते की काय! दगडी रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा आणखी एक चतुर इमारतीच्या भिंतीला चिकटून बसतो आणि सिमेंटच्या टाकीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात वाढतो. त्याला तर शहर मानवलं आहे. हे सगळं पाहून कुणीही म्हणेल, चतुर आहेत ना? मग तळं जिवंत आहे.

मीही तेच म्हणालो असतो, पोस्टकार्ड आलं नसतं तर. त्या काठावर मी दोन पावसाळे टाचणी शोधली. एकही दिसली नाही. तिला धरायला काही उरलंच नव्हतं. आभाळातला चतुर पाहून आपण पाण्याची परीक्षा करतो आणि काठावरून कोण निघून गेलं ते कळतच नाही, कारण तिचं वेगळं नाव आपल्याला माहीत नसतं. दोन्हींना चतुर म्हणणाऱ्याच्या लेखी एकही चतुर कमी झालेला नसतो.

हे खारीपुरतं नाही. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघानं २०२१ साली जगभरातल्या चतुर-टाचण्यांच्या ६,०१६ जातींची पाहणी पहिल्यांदा पूर्ण केली, तेव्हा त्यांतल्या १६ टक्के नामशेष होण्याच्या वाटेवर निघाल्या. मोठं कारण म्हणजे पाणथळ जागा जाणं. आपल्याकडे पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, पण त्यांच्या व्याख्येत भातशेती बसत नाही आणि मिठासाठी केलेल्या जागाही बसत नाहीत. म्हणजे मी ज्या पाण्याविषयी बोलतो आहे, ते कागदावर पाणथळच नाही. कायद्याला रेघ कुठंतरी ओढावी लागते, हे मान्य. पण ही रेघ नेमकी आमच्या बांधावरून गेली.

आणि अजून आपल्याला सगळ्या जाती माहीत तरी कुठं आहेत? फ्रेझर नावाचे एक लष्करी डॉक्टर इथल्या रानोमाळ हिंडले आणि १९३३ ते १९३६ या काळात त्यांनी भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन जाडजूड खंड लिहिले. आजही अभ्यासक तेच उघडून सुरुवात करतात. त्यांच्या नजरेतूनही काही निसटलं. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून २०१९ साली टाचणीची एक नवी जात नोंदली गेली आणि २०२२ साली चतुराची एक. त्या चतुराच्या नावात तर चौकुळ गावाचं नाव आहे. कोकणातल्या एका खेड्याचं नाव लॅटिन अक्षरांत जगभर गेलं ते या किड्याच्या पाठीवर बसून.

त्या कवितेचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. संग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी चतुर खोडून टाचणी लिहिलं. जाणकारांच्या लक्षात येईल, चतुरच्या मात्रा तीन आणि टाचणीच्या पाच. ओळ दोन मात्रांनी लांबली आणि वृत्त मोडलं. एक सोपी पळवाट होती. चतुर तसाच ठेवायचा आणि त्याचे पंख उघडायचे. वृत्तही राहिलं असतं, शास्त्रही. पण त्या दुपारी मी पाहिले ते पंख मिटलेलेच होते. ओळ मोडकीच छापली. बाईंना प्रत पाठवली, पोच आली नाही.

गेल्या श्रावणात भाचीच्या मुलीला घेऊन त्या तळ्यावर गेलो होतो. नऊ वर्षांची आहे, प्रश्नांनी भंडावते. तळ्याच्या मागच्या कोपऱ्यात, पंपाच्या खोलीपलीकडे, सिमेंटचा काठ काही हात अपुराच राहिलेला आहे. का राहिला कोण जाणे. पैसे संपले असतील किंवा पाऊस आला असेल. तिथं माती घसरून पाण्यात उतरली आहे आणि लव्हाळ्याचा एक पुंजका उभा राहिला आहे. पोरगी कठड्यावर वाकून पाहत होती. म्हणाली, ‘नाना, हे चतुराचं पिल्लू का?’ मी चष्मा पुसून पाहिलं. हिरवट अंग, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका, पंख पाठीवर मिटलेले. मग आम्ही दोघांनी मोजल्या. तिच्या मोजणीनं अकरा भरल्या, माझ्या मोजणीनं नऊ. तिची नजर चांगली आहे, म्हणून वहीत अकराच लिहिल्या.